आधी भाकरी, मग नाव-गाव



ज्यू धर्मातलं आतिथ्य हा विषय मोडनिंबात कशासाठी, असा प्रश्न तुमच्यापैकी पुष्कळांना पडला असेल. पडायलाच हवा. इथून जवळ अरण आहे, पलीकडे पंढरपूर आहे. पाहुणचाराबद्दल शिकायला आपण जेरुसलेमच्या वाटेला का लागायचं? माझं उत्तर असं, की ज्यूंच्या परंपरेत एक कथा आहे आणि ती कथा समजून घ्यायला पंढरपूरच्या पंचक्रोशीतल्या माणसांइतकं तयार मन दुसऱ्या कुणाचं नसेल. देव दारात आला आहे आणि भक्त त्याला म्हणतो, जरा थांब, मला काम आहे. हे कुठं ऐकलंय? पुंडलिकानं वीट फेकली आणि आईवडिलांची सेवा सोडून उठला नाही. देव विटेवर उभा राहिला, तो राहिलाच. जगातल्या बहुतेक धर्मांना ही गोष्ट उद्धटपणाची वाटेल. तुम्हाआम्हाला ती भक्तीची परमावधी वाटते.

आता ज्यूंची कथा ऐका. अब्राहाम हा त्यांचा मूळपुरुष. मम्रेच्या झाडांपाशी भर दुपारी तो आपल्या तंबूच्या दारात बसला आहे. देव त्याला दर्शन देतो. तेवढ्यात त्याला लांब उन्हात तीन माणसं उभी दिसतात. अनोळखी, धुळीनं माखलेली. म्हातारा अब्राहाम उठतो आणि त्यांच्याकडे धावत जातो. पुढच्या धर्मपंडितांनी या प्रसंगाचा अर्थ असा लावला, की त्यानं देवाला सांगितलं, जाऊ नकोस, थांब, मी या वाटसरूंचं बघून येतो. आणि त्यावरून तालमूद या ग्रंथात सिद्धान्त निघाला, की वाटसरूला घरात घेणं हे खुद्द देवाच्या दर्शनापेक्षा मोठं आहे. आपल्या पुंडलिकानं देवाला थांबवलं ते आईबापांसाठी. अब्राहामानं देवाला थांबवलं ते कुणासाठी? ज्यांचं नावही त्याला ठाऊक नव्हतं त्यांच्यासाठी. दोन्ही कथा एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत म्हणूनच हा फरक डोळ्यांत भरतो. आज मला जे सांगायचं आहे, ते सगळं या फरकात आहे.

त्या कथेतले बारकावे पाहा. अब्राहाम बोलताना म्हणतो, भाकरीचा तुकडा आणतो. आणतो काय? बायको सारा हिला चांगल्या पिठाच्या भाकरी करायला लावतो, वासरू कापायला देतो, दही-दूध पुढं ठेवतो आणि स्वतः झाडाखाली त्यांच्याजवळ उभा राहतो. थोडं बोलावं आणि पुष्कळ करावं, हा नियम पंडितांनी इथून काढला. अब्राहाम पाय धुवायला पाणी देतो ना, तिथंही टीकाकार थांबले आहेत. अकराव्या शतकातला फ्रान्समधला राशी हा फार मोठा टीकाकार. तो म्हणतो, अब्राहामाला हे लोक पायाची धूळ पुजणाऱ्यांपैकी वाटले, म्हणून त्यानं आधी पाय धुवायला सांगितलं. म्हणजे आपल्याला अजिबात मान्य नसलेला देव पुजणारी ही माणसं आहेत, अशी त्याची समजूत होती. तरी त्यानं त्यांना जेवू घातलं. ते देवदूत होते हे त्याला माहीत नव्हतं, आणि त्याचं पुण्य या माहीत नसण्यातच आहे. देवदूत आहेत हे कळल्यावर कोण जेवायला वाढणार नाही? याच अब्राहामाचा तंबू चारही बाजूंनी उघडा होता असं परंपरा सांगते. कुठूनही येणाऱ्याला दार शोधत फिरावं लागू नये, म्हणून.

याला हिब्रू भाषेत ‘हाख्नासत ओरखीम’ म्हणतात. वाटसरूंना आत घेणं. मी ‘पाहुण्यांना’ म्हटलं नाही, ‘वाटसरूंना’ म्हटलं, ते मुद्दाम. आपल्या भागात ‘पावणं’ या शब्दाचा अर्थ काय? सोयरे. मुलीच्या सासरचे, सुनेच्या माहेरचे. ‘पावणं आल्यात’ म्हटलं की कोंबडं कापायचं की पुरण घालायचं, एवढाच प्रश्न उरतो. हा पाहुणचार खोटा नाही, त्यात जीव ओतलेला असतो. पण तो परतफेडीचा व्यवहार आहे. आज ते आमच्याकडे, उद्या आम्ही त्यांच्याकडे. आणि जो सोयरा नाही, तो वेशीत आला की आपला पहिला प्रश्न कोणता? ‘कुठलं गाव?’ दुसरा? ‘कुणाचे तुम्ही?’ आडनाव कळलं की जात कळते, जात कळली की तांब्या द्यायचा की ओंजळीत पाणी ओतायचं हे ठरतं. निदान परवापरवापर्यंत ठरत होतं. पाणी आधी की प्रश्न आधी? अब्राहामाच्या कथेत क्रम ठरलेला आहे. पाणी, सावली, भाकरी, आणि मग बोलणं. माझा आजचा मुद्दा या क्रमाचा आहे.

कुणी म्हणेल, हा एका मोठ्या मनाच्या माणसाचा स्वभाव झाला. सगळ्यांना कसं जमेल? ज्यू परंपरेचा विशेष हाच आहे, की तिनं ते स्वभावावर सोडलं नाही. तिनं त्याचा कायदा केला. शेत कापताना कडेचा कोपरा उभा ठेवायचा, हातातून निसटलेली कणसं उचलायची नाहीत. ती गरिबाची आणि परक्याची. दिली म्हणून त्याची नव्हेत, मुळातच त्याची. परक्याला छळू नका, त्याला तुमच्यासारखाच लेखा, ही आज्ञा तोरा या त्यांच्या मूळ धर्मग्रंथात छत्तीस वेळा आली आहे अशी मोजणी तालमूदमध्ये आहे. काहींच्या मते शेहेचाळीस वेळा. एखादी गोष्ट छत्तीस वेळा का सांगावी लागते? माणूस ती छत्तीस वेळा विसरतो म्हणून. आणि या आज्ञेला जोडून कारणही दिलेलं आहे. तुम्ही स्वतः मिसर देशात परके होता. परक्याचा जीव कसा असतो हे तुम्हाला ठाऊक आहे. दया करा असं सांगितलेलं नाही, आठवण ठेवा असं सांगितलं आहे. पेसाहच्या रात्री, गुलामीतून सुटकेच्या सणाला, जेवणाआधी निमंत्रण म्हणतात: जो भुकेला असेल त्यानं यावं. हे निमंत्रण हिब्रूत नाही, अरामी भाषेत आहे, कारण ती त्या काळी बाजारातली बोली होती आणि भुकेल्याला ती कळत होती. बाराव्या शतकातला महापंडित मायमोनिडीस तर स्पष्ट लिहितो, की सणाच्या दिवशी जो दार लावून फक्त बायकामुलांबरोबर जेवतो आणि गरिबाला जेवू घालत नाही, त्याचा आनंद हा सणाचा नाही, पोटाचा आहे.

हा कायदा पाळणारे लोक आपल्याच मराठी मुलखात शतकानुशतकं परके म्हणून राहिले, हे आपण फारसं लक्षात घेत नाही. कोकणातले बेने इस्रायल. त्यांची परंपरा सांगते, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली. बुडालेल्यांना तिथंच पुरलं. तिथं आज स्मारक आहे. ग्रंथ वाहून गेले, भाषा हळूहळू गेली. उरलं काय? शनिवार. रायगडच्या गावांत त्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं ‘शनवार तेली’. गावांनी त्यांना आपली नावंही दिली. रेवदंडकर, पेणकर, किहीमकर, नागावकर, दिवेकर, चौलकर. शब्दाकडे नीट बघा. ‘कर’ म्हणजे त्या गावचा. समुद्रातून आलेला माणूस गावचा झाला. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनागृह 1796 साली उभं राहिलं, ते बांधणारा सॅम्युएल इझिकेल दिवेकर हा दिवे गावच्या नावानं ओळखला गेला. घरात मराठी, ओव्या मराठी, कीर्तनं मराठी. आणि त्यांचा सर्वांत लाडका संत कोण? एलियाहू हन्नावी. ज्यू लोककथांत हा संदेष्टा नेहमी भिकाऱ्याच्या किंवा वाटसरूच्या वेशात दारी येतो, पेसाहला त्याच्यासाठी दार उघडतात. बेने इस्रायल त्याच्या नावानं पोहे, खोबरं, गूळ आणि फळांचा मलिदा करतात, आणि त्यांच्या श्रद्धेप्रमाणे तो अलिबागजवळच्या खंडाळ्याला येऊन गेला. वाटसरू होऊन येणाऱ्या संताला या वाटसरू लोकांनी कोकणातलं एक गाव दिलं, ही मला फार अर्थपूर्ण गोष्ट वाटते.

इथं एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. हे आतिथ्य होतं की जातिव्यवस्था? कोकणानं या लोकांना घरात घेतलं नाही, एका खणात ठेवलं. तेल्याचा खण रिकामा होता, तिथं बसवलं. पंगत वेगळी, पाणवठ्याचे नियम वेगळे. परक्याचा छळ झाला नाही याचं कारण प्रेम नव्हे, अलिप्तपणा. हे म्हणणं मी बरंचसं मान्य करतो. युरोपातल्या ज्यूंच्या वाट्याला आलेल्या कत्तली इथं झाल्या नाहीत, याचा आपण अभिमान बाळगतो आणि तो रास्त आहे. पण न मारणं आणि जेवायला बोलावणं यांत अंतर आहे. कोकणानं जमीन दिली, शनिवार दिला, नाव दिलं. ताट दिलं नाही. त्यांचे स्वतःचेही अन्नाचे नियम होते, ही बाजू खरी, पण तिच्याआड आपल्याला लपता येणार नाही. आणि ही लागण एकतर्फी राहिली नाही. बेने इस्रायलमध्येच गोरे आणि काळे असे दोन भाग पडले, त्यांच्यात रोटीबेटी थांबली. ज्यांच्या ग्रंथात परक्याबद्दल छत्तीस आज्ञा, तेही आपल्यातल्यांना परके मानायला शिकले. पुढं ते इस्रायलला गेले, आपल्या माणसांत. तिथं काय झालं? 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या प्रमुख धर्मपीठानं लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करायचा आदेश काढला. नवगावच्या किनाऱ्यावर जो प्रश्न कुणी फारसा लावून धरला नाही, तो जेरुसलेममध्ये विचारला गेला: तुम्ही कुणाचे? त्यांनी तिथं धरणं धरलं, आणि 1964 साली इस्रायलच्या संसदेला ठराव करावा लागला, की बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी ज्यूच आहेत.

मग ज्यूंचा कायदा हरला का? मला उलट वाटतं. कायदा का हवा, हे यावरून कळतं. माणूस चांगला असता तर कायद्याची गरज नव्हती. त्या धरणं धरलेल्या माणसांच्या हाती वाद घालायला काय होतं? परक्याला छळू नका, हीच ओळ. जो समाज आपल्या पापाची मोजदाद करायची मोजपट्टी स्वतःच्या ग्रंथात ठेवतो, त्याला निदान लाजेचा पत्ता तरी सापडतो. नुसत्या चांगुलपणाला लाज कुठं शोधायची?

दुसरा आक्षेप भीतीचा आहे. दार उघडं ठेवलं तर चोर येईल, मारेकरी येईल. हा आक्षेप मुंबईत रक्तानं लिहिला गेला आहे. कुलाब्यातल्या नरिमन हाऊसमध्ये गॅव्रियल आणि रिव्का होल्त्सबर्ग हे जोडपं राहायचं. त्यांचं काम काय होतं? येणाऱ्या-जाणाऱ्या ज्यू प्रवाशाला जेवण आणि झोपायला जागा. अब्राहामाचा तंबूच, फक्त इमारतीतला. 26 नोव्हेंबर 2008 रोजी अतिरेकी त्या घरात घुसले. त्या घरात नवरा-बायको आणि चार पाहुणे मारले गेले. दोन वर्षांचं होऊ घातलेलं त्यांचं मूल मोशे वाचलं, कारण त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएलनं त्याला उचलून बाहेर आणलं. ती त्यांच्या धर्माची नव्हती. आता मला सांगा, या घटनेतून कोणता निष्कर्ष काढायचा? दार बंद असतं तर ही माणसं वाचली असती, हा एक. पण मारेकऱ्यांनी ते घर निवडलं ते उघडं होतं म्हणून नव्हे, ज्यूंचं होतं म्हणून. आणि मूल वाचवणारी बाई त्या घरात होती ती दुसऱ्या धर्माच्या माणसाला घरचं मानलं गेलं म्हणून. सावध राहू नका असं ज्यू परंपरा म्हणत नाही. पहारा ठेवा, नोंद ठेवा. पण ते घर 2014 साली त्याच इमारतीत पुन्हा सुरू झालं.

तिसरा आक्षेप आपल्या जिल्ह्याचा आहे. आम्हीच दुष्काळी, आम्ही कुणाला काय देणार? सोलापूर जिल्ह्यात हे वाक्य खोटं नव्हतं. 1972 च्या दुष्काळात इथल्या माणसांनी रस्त्यावर खडी फोडली, सुकडी आणि मिलो खाल्ला, कितीतरी घरं मुंबई-पुण्याला गेली आणि तिथं चाळीच्या जिन्याखाली, नातेवाइकाच्या ओळखीवर, कधी ओळखीशिवाय राहिली. तेव्हा आपण परके होतो. परक्याचा जीव कसा असतो हे ठाऊक असलेला जिल्हा आहे हा. पुढं भीमेवर उजनी झालं, 1980 मध्ये धरण पुरं झालं, आणि माढा तालुक्यात ऊस उभा राहिला. जिथून माणसं जायची तिथं माणसं येऊ लागली. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोड कामगार येतात, उसाच्या पाचटाच्या कोप्या घालतात, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत राहतात. एका जोडप्याला आपण ‘कोयता’ म्हणतो. माणसाचं नाव हत्यारावरून. तोरेची आज्ञा नेमकी आपल्यासारख्याच लोकांना दिलेली आहे: जे काल गुलामीत होते आणि उद्या सुपीक जमिनीत शिरणार आहेत त्यांना. गरिबी ही अडचण नव्हे. ज्यू कायद्यात तर दानावर जगणाऱ्या गरिबानंही त्यातलं थोडं दुसऱ्याला द्यायचं असतं. आणि आपल्याकडे? मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली ती फक्त मंगळवेढेकरांसाठी उघडली असं कुठं सांगितलं आहे का?

अडचण सुबत्तेची आहे. तालमूदमध्ये सदोम नगरीबद्दल कथा आहेत. सदोम गरीब नव्हतं, फार श्रीमंत होतं. तिथले लोक म्हणाले, आपल्या जमिनीत धान्य आहे, मातीत सोनं आहे. हे वाटसरू येतात ते आपलं कमी करायलाच. त्यांची पावलंच बंद करू. मग भिकारी आला की प्रत्येकजण त्याला एक नाणं द्यायचा, नाण्यावर देणाऱ्याचं नाव. भाकरी मात्र त्याला कुणी विकायचं नाही. तो मेला की प्रत्येकजण येऊन आपलं नाणं परत न्यायचा. मी ही कथा सांगतो तेव्हा मला उचल आठवते. ऊसतोड्याला हंगामाआधी उचल मिळते, हिशेब चोख असतो, वहीत नाव असतं. पण कोपीजवळ पिण्याचं पाणी आहे का? बाईला अंघोळीला आडोसा आहे का? पोरांना चार-पाच महिने शाळा आहे का? पैसे दिले की आपलं काम संपलं असं म्हणता येईल का? ज्यू पंडितांनी अब्राहामानं लावलेल्या झाडाच्या हिब्रू नावातून तीन अक्षरं सोडवली: खाणं, पिणं, मुक्काम. यातलं एकही पैशानं भागत नाही.

तिसऱ्या अक्षराबद्दल मात्र आणखी एक अर्थ सांगितला जातो. मुक्काम नव्हे, सोबत. वाटसरूला वाटेपर्यंत पोचवायला जाणं. अब्राहाम जेवण झाल्यावर त्या तिघांबरोबर चालत गेला. मायमोनिडीस म्हणतो, पोचवणं हे जेवू घालण्याहून मोठं. का? मला त्याचं कारण तोरेतल्या एका विधीत दिसतं. दोन गावांच्या मध्ये रानात एखादा अनोळखी माणूस मारलेला सापडला आणि मारेकरी कळला नाही, तर काय करायचं? वडीलधाऱ्यांनी यायचं, प्रेतापासून भोवतालच्या गावांचं अंतर मोजायचं, आणि जे गाव सर्वांत जवळ त्याच्या पंचांनी वाहत्या ओढ्यावर हात धुवून सांगायचं, की आमच्या हातांनी हे रक्त सांडलेलं नाही. पंडित विचारतात, पंचांवर खुनाचा संशय होता का? नव्हता. मग ते काय सांगतात? ते सांगतात, की हा माणूस आमच्याकडे आला आणि आम्ही त्याला उपाशी लावून दिलं असं झालेलं नाही. आम्ही त्याला पाहिलं आणि सोबतीशिवाय जाऊ दिलं असंही झालेलं नाही.

आता हा विधी मनात ठेवून आपल्याकडची एक घटना पाहा. 1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवार, आठवडी बाजार. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाचजण तिथं आले. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा तेव्हा मोबाइलवरून गावोगाव पोचली होती. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, पाचही मेले. ते कुठले होते? त्यांतले बहुतेकजण आपल्या मंगळवेढ्याकडचे. आपल्या जिल्ह्यातले. तिथं परकं कोण होतं? आपण होतो. त्यांना कुणी विचारलं असेल, कुठलं गाव, कुणाचे तुम्ही. आणि उत्तर ऐकायला कुणी थांबलं नाही. प्रश्न आधी आला, पाणी आलंच नाही. राईनपाड्याच्या गावकऱ्यांना दोष देणं सोपं आहे, आणि दोष आहेच. पण भटकत जाणारी ही माणसं तिथवर पोचायच्या आधी किती वेशींतून गेली असतील? किती गावांनी त्यांना पाहिलं असेल? तोरेतला विधी दोरी धरून अंतर मोजायला सांगतो, तो खुनी शोधायला नव्हे. ओढ्याच्या पाण्यात हात घालण्याआधी त्या पंचांना आठवून पाहावं लागे, की हा माणूस आपल्या वेशीतून गेला होता का, आणि गेला असेल तर पुढच्या वळणापर्यंत त्याच्याबरोबर कोण चाललं होतं.